दुधाचे दात, पक्के दात



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर व्याख्याने होतात, तेथे दातांवर बोलायला उभे राहणे थोडे धाडसाचेच आहे. 'दात कोरून पोट भरत नाही' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तेव्हा दातांवर तासभर ऐकून काय पदरात पडणार, अशी शंका कोणाला आली तर ती रास्तच म्हणायची. पण ज्या घरात पाळणा हलतो, त्या घरात हा विषय लहान राहत नाही. बाळाचा पहिला दात दिसला की ती बातमी त्याच दिवशी आजोळी पोचते. वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जाणार, म्हणून कुजबुज सुरू होते. पुढे सहाव्या-सातव्या वर्षी पहिला दात पडला की तो कौलावर फेकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा बारीक, धारदार दात मागायचा, हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी खेळलेला असेल. आता निगडी-आकुर्डीत कौलेच फारशी उरली नाहीत, तेव्हा उंदरापुढेही अडचणच आहे!

म्हणजे दात येतात त्याचे आणि पडतात त्याचे आपण मोठे कौतुक करतो. पण या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात त्या दातांचे काय होते, याकडे मात्र आपले लक्ष नसते. मला आज जे सांगायचे आहे ते थोडक्यात असे : दुधाचे दात येताना आपण त्यांच्यावर नाही नाही ते आरोप करतो, आणि ते आल्यावर 'शेवटी पडायचेच आहेत' असे म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींची किंमत मुलाला मोजावी लागते.

आधी मोजदाद करू. दुधाचे दात वीस. प्रत्येक जबड्यात दहा; त्यांत पुढचे चार पटाशीचे, दोन सुळे आणि मागच्या चार दाढा. पक्के दात बत्तीस. म्हणजे वीस दातांच्या जागी वीस नवे येतात आणि बारा दात असे येतात की ज्यांच्या जागी पूर्वी कोणीच नव्हते. हे बारा म्हणजे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या तीन तीन दाढा. ही वजाबाकी आपण मनात ठेवावी. पुढे तिच्यावरच बरेच काही अवलंबून आहे.

आपल्या पूर्वजांचे या गोष्टीकडे लक्ष गेले होते. पक्षी अंड्यातून पुन्हा जन्मतो म्हणून तो द्विज, आणि दातही दोनदा जन्मतो म्हणून तोही द्विज. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ. त्यात दंतजन्मावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. बत्तीसांपैकी आठ दात एकदाच जन्मतात व बाकीचे द्विज, असे तेथे म्हटले आहे. आजच्या गणनेप्रमाणे एकदाच जन्मणारे दात बारा. हिशेबात चारांचा फरक आहे. पण काही दातांना दुधाचा पूर्वज नसतो ही मुख्य गोष्ट त्या ग्रंथकाराने अचूक हेरली होती. त्याच अध्यायात एक आडाखाही आहे : दात जितक्याव्या महिन्यात येतो, तितक्याव्या वर्षी तो पडून पुन्हा येतो. खालच्या पुढच्या दातांना हा आडाखा आजही चपखल बसतो. ते सहाव्या-सातव्या महिन्यात येतात आणि सहाव्या-सातव्या वर्षी बदलतात. दाढांना मात्र तो लागू पडत नाही.

आता प्रश्न असा की दात येतो म्हणजे नेमके काय होते? आपल्याला तो हिरडीतून वर आलेला दिसतो त्या दिवशी आपण त्याचा जन्म धरतो. वास्तविक त्याचा आरंभ फार आधीचा आहे. मूल आईच्या पोटात सुमारे सहा आठवड्यांचे असते, तेव्हाच त्याच्या होऊ घातलेल्या जबड्यात दातांच्या अंकुरांची पट्टी तयार होऊ लागते. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्या अंकुरांत कठीण भाग जमू लागतो. बाळ जन्मते तेव्हा त्याचे तोंड बोळके दिसते खरे, पण हिरडीच्या आत वीसच्या वीस दात कमीअधिक घडलेल्या स्थितीत हजर असतात. एवढेच नव्हे, तर पक्क्या दातांपैकी पहिल्या दाढेचे कामही जन्माच्या सुमारासच सुरू होते. सहा वर्षांनी दिसणारी ही दाढ बारशाच्या दिवशी जबड्यात घडत असते!

दात घडतो तो वरून खाली. आधी माथा, म्हणजे आपल्याला दिसणारा भाग, आणि मग मूळ. माथ्यावरचे कठीण कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. पण त्याची एक मोठी उणीव आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरते. एनॅमल एकदा घडले की त्याला घडवणाऱ्या पेशी नाहीशा होतात, आणि पुढे ते पुन्हा घडत नाही. म्हणून दात घडत असताना जे बरेवाईट होईल त्याची खूण त्यावर कायमची राहते. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तेथे लहानपणी ते पाणी प्यायलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात; मोठेपणी तेथे राहायला गेलेल्याच्या दातांवर ते पडत नाहीत. औषधांचेही तसेच. औषधाचे नाव निघाले की या भागातल्या माणसाला पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आठवतो. १९५४ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने देशाला पेनिसिलीन दिले. पेनिसिलीनने दातांवर असे डाग पडत नाहीत. पण टेट्रासायक्लीन नावाचे दुसरे जंतुनाशक औषध गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईने किंवा लहान वयात मुलाने घेतले तर ते घडणाऱ्या दातात जाऊन बसते आणि दात पिवळे-करडे होतात. म्हणून साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना ते शक्यतो देत नाहीत. सांगायचा मुद्दा असा की, आज जो दात दिसतो तो काही वर्षांपूर्वी घडलेला असतो.

घडलेला दात वर कसा येतो, हे कोडे बरेच दिवस सुटले नव्हते. मूळ वाढते आणि ते माथ्याला वर ढकलते, असे सरळ उत्तर दिले जाई. अमेरिकेतील केहिल आणि मार्क्स या संशोधकांनी १९८० च्या सुमारास कुत्र्याच्या पिलांवर एक चमत्कारिक प्रयोग केला. जबड्यातला न उगवलेला दात त्यांनी काढून घेतला, पण त्याच्याभोवतीची नाजूक पिशवी तशीच ठेवली आणि तिच्यात दाताच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवला. तो धातूचा तुकडाही वेळ येताच दातासारखा वर आला! त्याला ना मूळ, ना जीव. म्हणजे वाट करून देण्याचे काम ती पिशवी करते. तिच्या सांगण्यावरून वरचे हाड विरघळते, वाट मोकळी होते, आणि खालच्या बाजूला नवे हाड भरत जाते.

पक्का दात वर सरकू लागतो तेव्हा त्याच्या वाटेत दुधाच्या दाताचे मूळ असते. हाड विरघळवणाऱ्या पेशींसारख्याच पेशी ते मूळ हळूहळू विरघळवतात. म्हणून पडलेला दुधाचा दात हातात घेतला तर तो नुसता माथा असतो. मूळ दिसत नाही. 'दाताला मूळच नव्हते' असे आपण म्हणतो. मूळ होते, येणाऱ्याला वाट देता देता ते संपले.

आता वेळापत्रक. सहाव्या ते दहाव्या महिन्यात बहुधा खालचे मधले दोन दात येतात. त्यामागून वरचे मधले, मग बाजूचे. वर्षाच्या पुढे, सुमारे तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात पहिली दाढ. दीड वर्षाच्या आगेमागे सुळे. आणि दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान दुसरी दाढ. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत वीसही दात तोंडात असतात. मग तीन वर्षे बाहेरून सामसूम. सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ आणि खालचे पुढचे दात. सात ते नऊ या काळात बाकीचे पटाशीचे. नऊ ते बारा या काळात सुळे आणि दुधाच्या दाढांच्या जागी येणाऱ्या उपदाढा. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी पक्की दाढ. अक्कलदाढ सतरा-अठराच्या पुढे केव्हातरी, आणि काहींना कधीच नाही. तेवढ्यावरून कोणाच्या अकलेचा अंदाज करू नये. मुलींचे पक्के दात मुलांपेक्षा काही महिने आधी येतात. कोणाचा पहिला दात चौथ्या महिन्यात दिसतो, कोणाचा वर्ष भरल्यावर. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दीड वर्ष झाले तरी एकही दात नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. आणि वरचा आधी आला की खालचा, याचा मामाशी काहीही संबंध नाही. मामांनी निश्चिंत असावे.

हे घड्याळ किती भरवशाचे आहे? आपल्यातील बऱ्याच वडीलधाऱ्या मंडळींची जन्मतारीख १ जून आहे. ती सर्व मंडळी खरोखरच १ जूनला जन्मली असे नव्हे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. मूल सहा वर्षांचे झाले की नाही हे ठरवायला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. गुरुजींनी त्याच वेळी तोंड उघडायला लावून शेवटची दाढ पाहिली असती, तर तोही एक पुरावा मिळाला असता.

हा विनोद नव्हे. इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. तेथील १८३३ च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत घेण्यास बंदी केली. पण जन्माच्या नोंदी नव्हत्या. डॉक्टर उंची आणि अंगलट पाहून दाखला देत, आणि गरजू आईबाप व लोभी मालक दोघेही वय चढवून सांगत. तेव्हा एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुमारे एक हजार मुलांची तोंडे तपासली आणि १८३७ साली एक पुस्तिका प्रसिद्ध करून दाखवून दिले की उंचीपेक्षा दात वय अधिक खरे सांगतात. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास कामाची परवानगी ठेवली! सातव्या वर्षी मुलाच्या पुढच्या दातांत खिंडार असते. त्या खिंडारासह मुले गिरणीत जात होती, हे या कारखान्यांच्या गावात तरी आपण विसरू नये.

याहून जुना दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांनी तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. त्या गावात मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्याला निजवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. त्या इवल्या सांगाड्यांची वये कशी ठरवायची? लहान मुलाचे हाड उपासमारीने खुरटते, त्यामुळे ते वय कमी सांगते. दाताच्या घडणीवर त्या मानाने थोडा परिणाम होतो. डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेचे डॉ. ल्यूकाक्स यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला, तेव्हा आलेले दात आणि जबड्यात दडलेले अर्धवट माथे हाच वयाचा मुख्य पुरावा होता. तीन हजार वर्षांपूर्वीची ती मुले आणि आज निगडीच्या बालवाडीत जाणारी मुले यांच्या तोंडातले दात त्याच क्रमाने येतात. दुधाच्या दाताच्या एनॅमलमध्ये एक सूक्ष्म रेषा असते. ती बाळ जन्मले त्या वेळची. आधीचा भाग पोटात घडला, नंतरचा बाहेर. आईची आबाळ, बाळाचे आजारपण यांचेही खळगे त्यावर उमटतात. ज्या दातांना आपण पडायचेच म्हणून मोजत नाही, ते असे जपून ठेवतात.

आता पहिल्या आरोपाकडे येऊ. बाळाला ताप आला, जुलाब झाले की 'दात येताहेत' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. ही समजूत फार जुनी आहे. दात येणे हे सर्व रोगांचे कारण, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात म्हटले आहे. मात्र दात आल्यावर ते विकार आपोआप शमतात, तेव्हा बाळाला फार छळू नये, असेही त्याने बजावले आहे. युरोपने तेवढाही विवेक ठेवला नाही. लंडनच्या सतराव्या शतकातील मृत्युनोंदींत 'दात' हे मरणाचे एक कारण म्हणून लिहिले जाई. तेथे डॉक्टर बाळाच्या हिरड्या सुरीने चिरत. दात येताना द्यायच्या पुडीत पाऱ्याचे क्षार असत, त्यांनी मुले आजारी पडत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पूड बाजारातून गेली, तेव्हा तो आजारही गेला.

खरे पाहता दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, मूल चिडचिडते, मिळेल ते चावते. अंग किंचित कोमट लागते. एवढेच. ताप १००.४ अंशांच्या वर गेला, पातळ शौच वारंवार होऊ लागले, मूल दूध ओढेनासे झाले, तर तो दातांचा दोष नव्हे. तो आजार आहे. मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी का दिसतात? कारण सहावा महिना हा अनेक गोष्टींचा संगम आहे. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ती त्या सुमारास ओसरते. वरचे अन्न सुरू होते. मूल रांगू लागते आणि जमिनीवरचे सारे तोंडात घालते. जंतू पोटात जातात ते या वाटेने, आणि बिचारा दात त्याच वेळी दारात उभा असतो म्हणून चोर ठरतो. जुलाबात मूल कोमेजते ते अंगातले पाणी गेल्यामुळे. जलसंजीवनी द्यायची, अंगावरचे दूध चालू ठेवायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. 'दात आले की थांबेल' म्हणून वाट पाहायची नाही. या एका वाक्याने जितकी हानी केली आहे, तितकी दातांनी कधी केली नसेल. हिरडी शिवशिवत असेल तर स्वच्छ बोटाने चोळावी, थंड ओले फडके चावायला द्यावे. बधिर करणारी मलमे लावू नयेत. अशा एका औषधाबद्दल अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांसाठी स्पष्ट इशारा दिला आहे. वर्षाच्या आत मध चाटवू नये. आणि मशेरी तर मुलाच्या तोंडाजवळही नेऊ नये. मशेरी म्हणजे तंबाखूच.

दुसरी समजूत याच्या उलट. दात आले, आता पडतीलच; कीड लागली तर लागू द्या. श्रोतेहो, दुधाची शेवटची दाढ अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि अकराव्या-बाराव्या वर्षी पडते. म्हणजे ती आठ-नऊ वर्षे कामावर असते. आठ वर्षे काम करणाऱ्याला हंगामी म्हणून टाळणे बरे नव्हे! मुलाच्या वाढीच्या काळात त्याची भाकरी याच दाढांनी चावली जाते. दाढ दुखते म्हणून मूल एका बाजूने खाते, मग कमी खाते, रात्री झोपत नाही, शाळेत त्याचे चित्त लागत नाही. आपण म्हणतो, पोर हट्टी आहे.

शिवाय या दाढा आणखी एक काम करतात, ते बाहेरून दिसत नाही. त्या जागा राखतात. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा थोड्या रुंद असतात. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सुमारे दीड-दोन मिलिमीटरची ही शिल्लक असते. पुढे मोठे दात मावायला तिचाच उपयोग होतो. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची पक्की दाढ त्या मोकळ्या जागेत पुढे सरकते. एसटीत उठलेल्या माणसाची जागा जशी रिकामी राहत नाही, तसेच. मग ज्याची ती जागा होती तो दात आत, बाहेर किंवा आडवा येतो, नाहीतर अडकून राहतो. वाकडे दात वंशाने येतात हे खरे, पण त्यांतले काही असे आपल्या हाताने ओढवून घेतलेले असतात. अशी दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी तारेची पट्टी बसवता येते, हे आईबापांना ठाऊक असावे.

आणि आता ती पहिली पक्की दाढ. मघाची वजाबाकी आठवा. या दाढेच्या जागी आधी कोणी नसते. म्हणून ती येते तेव्हा काहीच हलत नाही, काहीच पडत नाही, रक्त येत नाही, कौलावर फेकायला काही नसते. सहाव्या वर्षी, मूल पहिलीत जाते त्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे ही मुकाट्याने उगवते. चारी कोपऱ्यांत एक एक, अशा चार. घरच्यांचे लक्ष पुढच्या हलणाऱ्या दाताकडे, आणि आयुष्यभराचा पाहुणा मागच्या दाराने आत येतो. तिला दुधाचीच दाढ समजले जाते. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, तिचे एनॅमल पहिली काही वर्षे पुरते टणक झालेले नसते, आणि ती शेजारणीपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश वरच्यावर निघून जातो. बिस्किटाचा लगदा त्या चिरांत बसतो. आठव्या-नवव्या वर्षी मूल दुखते म्हणते, आई म्हणते, दुधाचा आहे, पडेल. तो पडत नाही. तो काढावा लागतो, आणि त्याच्या जागी पुन्हा कोणी येत नाही. म्हणून सांगतो, तोंडातले दात पुढून मागे मोजा. मधल्या रेषेपासून सहावा दात दिसला की तो पक्का. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. एवढे एक गणित प्रत्येक घरात माहीत झाले तरी माझे येथे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

सहा ते बारा या काळात मुलाचे तोंड म्हणजे अर्धे जुने, अर्धे नवे असे बांधकाम असते, आणि बांधकाम चालू असताना घर देखणे दिसत नाही. पुढचे नवे दात मोठे व पिवळसर वाटतात, त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. वरच्या दोन दातांत फट दिसते. ती बहुतेक वेळा सुळे आल्यावर अकराव्या-बाराव्या वर्षी आपोआप मिटते. खालचे नवे दात कधी दुधाच्या दातांच्या मागे दुसऱ्या रांगेत येतात. जुना हलत असेल तर तो पडल्यावर जीभ नव्याला पुढे ढकलते. दोनतीन महिन्यांत जुना हललाच नाही तर दाखवावे. पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर मूळ न धरता माथा धरून तो पाण्याने हलकेच धुवावा आणि शक्य तर लगेच त्याच जागी बसवावा. नाहीतर दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात निघाला तर मात्र तो परत बसवू नये.

काळजी घ्यायची म्हणजे फार काही करायचे नाही. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा. मुलाच्या हाताला मागची दाढ सापडत नाही. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन मुलाला निजवू नये. झोपेत लाळ आटते, आणि ते दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचून राहते. त्या दातांचे काळे खुंट होतात ते यामुळे. गोड खाणे जेवणाबरोबर असावे, दिवसभर चघळत नसावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याकडे न्यावे, आणि सहाव्या वर्षी नव्या दाढेच्या चिरा लेप घालून बुजवता येतील का ते विचारावे. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी होते, तिच्यात दातांची कीडही पाहतात. तेथून चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नये.

आपल्या या वस्तीत आईबाप दोघेही कामावर, पाळी रात्रीची, आजी गावाकडे, असे संसार पुष्कळ आहेत. त्यांना मी उपदेशाचे ओझे देऊ इच्छित नाही. सकाळ-रात्र मिळून चार मिनिटांचे हे काम आहे. आपण 'अजून दुधाचे दात पडले नाहीत' असे म्हणून पोराला कच्चे ठरवतो. पण ते दात त्या वयात पुरे काम करीत असतात, मागून येणाऱ्याची जागा धरून बसलेले असतात, आणि वेळ आली की स्वतःचे मूळ विरघळवून वाट देतात. त्यांच्याकडून एवढे घ्यायचे, तर ते पडेपर्यंत त्यांना धड ठेवणे हे आपल्याकडे लागते.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला, नातवाला उजेडात तोंड उघडायला सांगा आणि मधल्या रेषेपासून दात मोजा. सहावा दिसतो का ते पाहा.